कुलाब्याच्या तीन पाळ्या

महाराष्ट्रातील बहुसंख्य मराठी माणसांची कुलाब्याशी पहिली ओळख पावसाच्या आकड्यातून होते. पावसाळ्याचे चार महिने ‘कुलाबा इतके, सांताक्रूझ इतके’ ही जोडगोळी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोज हजेरी लावत असल्यामुळे, कुलाबा हे मुळात पाऊस धरण्याचे एक मोठे भांडे असावे आणि त्याच्या काठाने कालांतराने वस्ती झाली असावी, असा समज दूरच्या जिल्ह्यांत पसरला असल्यास नवल नाही. या समजात थोडे तथ्यही आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये येथे वेधशाळा काढली, तेव्हा ज्या रस्त्यासाठी आज कुलाबा प्रसिद्ध आहे तो रस्ता अस्तित्वातच नव्हता. आधी निरीक्षण आणि मग रस्ता, हा क्रम मुंबईत त्यानंतर क्वचितच पाळला गेला.

या वेधशाळेत पावसाखेरीज पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले आणि विजेच्या प्रवाहामुळे चुंबकसूची (म्हणजे या कामी वापरली जाणारी अत्यंत संवेदनशील चुंबकीय सुई) विचलित होणार हे उघड झाले, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने चुंबकीय वेधांचे काम बंदरापलीकडे अलिबागला हलवण्यात आले आणि तेथे १९०४ पासून ते सुरू झाले. अलिबाग हे त्या काळी कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते, कारण त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये. त्यामुळे सुई कुलाब्यातून निघून कुलाब्यातच पोहोचली आणि सरकारी कागदांची फारशी गैरसोय झाली नाही. शहराच्या धकाधकीला कंटाळून अलिबागला जागा घेणारी ती पहिली कुलाबावासी होय. आज शुक्रवारी दुपार कलली की गेटवेवरून मांडव्याच्या बोटीत बसणारे धनिक हे तिचेच अनुयायी असून, तिच्याप्रमाणेच त्यांनाही बारीकसा धक्कादेखील सोसत नाही.

मुंबई ज्या सात बेटांची झाली त्यांपैकी अगदी दक्षिणेकडची दोन, म्हणजे कुलाबा आणि म्हातारीचे बेट, १८३८ मध्ये एका बांधरस्त्याने उरलेल्या शहराला जोडली गेली. हा बांधरस्ता म्हणजेच कॉजवे. पुढे दोन्ही बाजूंच्या समुद्रात भराव पडत गेला, पाणी दृष्टिआड झाले आणि बांध तेवढा नावात उरला. रस्त्याचे अधिकृत नाव शहीद भगतसिंग मार्ग असे असले, तरी टॅक्सीवाल्याला ते सांगितल्यास तो गिऱ्हाईकाकडे आरशातून पाहतो आणि ‘कॉजवे ना?’ असे विचारून खातरजमा करून घेतो. या रस्त्याच्या उत्तर टोकाला रीगल चित्रपटगृह आहे, पूर्वेला दोन पावलांवर ताजमहाल हॉटेल आणि गेटवे आहे, मध्यावर १९३४ ची पारशी वसाहत खुसरो बाग आहे, तिच्या आसपास फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंध्यांची मिठाई व पाणीपुरी आहे, आर्थर बंदर रोडकडे अरबी पाट्यांची अत्तरांची दुकाने आहेत, त्याखाली बाजार आहे, बाजाराच्या पुढे ससून डॉकमध्ये कोळी आहेत आणि सर्वांत शेवटी नौदल व लष्कर आहे, जेथे मुंबईचा फेरीवालादेखील आपण होऊन थांबतो.

इतक्या तऱ्हांचे लोक इतक्या चिंचोळ्या पट्टीत एकत्र कसे नांदतात, या प्रश्नाला ‘सहिष्णुता’ असे उत्तर देण्याची प्रथा आहे. ते उत्तर भाषणात शोभते. प्रत्यक्षात मात्र कारण वेळापत्रक हे आहे. गिरणगावात जशी एकच वळकटी दिवसपाळीच्या कामगाराच्या पाठीखालून निघून रात्रपाळीच्या कामगाराच्या पाठीखाली जाई आणि ती कधी थंड पडत नसे, तसा कुलाब्याचा पदपथ चोवीस तासांत तीन वेळा मालक बदलतो आणि एका पाळीच्या लोकांना दुसरी पाळी अस्तित्वात आहे याचा बहुधा पत्ताही नसतो. पर्यटनाच्या पुस्तिकांत कुलाब्याची दिवसाची आकर्षणे आणि रात्रीची आकर्षणे अशी दोन वेगळी प्रकरणे असतात. तिसऱ्या पाळीचे प्रकरण त्यांत नसते, कारण त्या वेळी पुस्तिका लिहिणारा झोपलेला असतो.

दिवसपाळी सुरू होते ती खिमा-पावाने. लिओपोल्ड कॅफेसमोरच्या ऑलिम्पियासारख्या जुन्या हॉटेलात संगमरवरी मेजांवर सकाळी सकाळी खिमा आणि भेजा फ्राय खाणारी मंडळी बसलेली असतात, आणि पोह्यांवर वाढलेल्या सदाशिवपेठी मनाला हा नाश्ता आहे की आदल्या रात्रीचे राहिलेले जेवण आहे हे ठरवता येत नाही. यानंतरची वर्दळ गेटवेकडे वळते. गेटवे ऑफ इंडिया ही वास्तू कशासाठी बांधली हे सर्वांना माहीत असते. कधी बांधली हे विचारल्यावर गंमत सुरू होते. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हे डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तेथे त्यांच्या स्वागताला केवळ तात्पुरती शोभेची उभारणी होती. कमानीची कोनशिला मार्च १९१३ मध्ये बसली आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे कमान पुरी होऊन तिचे उद्घाटन झाले ते ४ डिसेंबर १९२४ रोजी. पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी स्वागतकमान पुरी होणे, ही गोष्ट आपल्या बांधकाम खात्यांना आजही धीर देते. सुमारे २१ लाख रुपये खर्चून झाल्यावर तिच्याकडे येणाऱ्या सरळ रस्त्यासाठी पैसे उरले नाहीत, म्हणून ही भव्य कमान आपल्याच रस्त्याकडे किंचित तिरक्या नजरेने पाहत उभी आहे. तिचा सर्वांत ठळक उपयोगही स्वागतासाठी झाला नाही: २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, हिच्याच खालून बोटीकडे गेली. दार बांधणाऱ्यानेच ते शेवटी बाहेर पडण्यासाठी वापरावे, ही वास्तुशास्त्रातील दुर्मिळ सोय म्हणावी लागेल.

मराठी कुटुंबव्यवस्थेत गेटवेचे स्थान निराळे आहे. मे महिन्यात गावाकडून येणारा पाहुणा आणि डोंबिवलीचा यजमान यांच्यातील अलिखित करारानुसार पाहुण्याला गेटवे दाखवणे बंधनकारक असते, आणि पाहुणा नसताना तेथे जाणे हे वेळ व पैसा या दोहोंचा अपव्यय मानले जाते. त्यामुळे वीस वर्षे मुंबईत राहिलेल्या गृहस्थाने गेटवे नेमका किती वेळा पाहिला, हे त्याच्याकडे किती पाहुणे आले यावरून बिनचूक काढता येते. या यात्रेचे विधीही ठरलेले आहेत. पहिला विधी कबुतरांचा, दुसरा छायाचित्राचा. गळ्यात कॅमेरा आणि झोळीत छोटे मुद्रणयंत्र घेऊन फिरणारे येथील छायाचित्रकार ताजच्या घुमटाचे टोक पाहुण्याच्या चिमटीत येईल असा फोटो दोन-तीन मिनिटांत हातात ठेवतात. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर हा धंदा बसायला हवा होता. तो टिकला, कारण स्वतःच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोत कुटुंबातील एक माणूस कायम कमी असतो आणि तो बहुधा फोटो काढणारा जावई असल्यामुळे नंतर घरात बोलणे होते.

तिसरा विधी जलप्रवासाचा. घारापुरीच्या लेण्यांकडे, म्हणजे पर्यटन खात्याच्या भाषेत एलिफंटाकडे, जाणाऱ्या लाँचला साधारण तासभर लागतो. लाँच सुटली की वरच्या डेकवर बसण्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात ही बातमी प्रवाशांना कळते, आणि खाली बसलेले लोक वर बसलेल्यांकडे उधळे म्हणून व वर बसलेले लोक खाली बसलेल्यांकडे चिकट म्हणून पाहू लागतात. कुलाबा बंदर मागे पडेपर्यंत लाँचवर वर्गसंघर्ष पुरता उभा राहिलेला असतो. लेणी सोमवारी बंद असतात, हे ज्याला ठाऊक नसते तो पाहुण्यांना हमखास सोमवारी घेऊन येतो, कारण रविवारी गर्दी असते हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते.

रीगलच्या चौकापलीकडची संग्रहालये आणि कलादालने ही कुलाब्याची सभ्य आकर्षणे होत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारतही विटेट यांचीच; तिची कोनशिला १९०५ मध्ये बसवली ती याच पंचम जॉर्जने, तेव्हा तो युवराज होता. एका राजपुत्राच्या एका भेटीतून संग्रहालय आणि त्याच्याच राजा म्हणून झालेल्या दुसऱ्या भेटीतून कमान मिळाली हे पाहता, तो आणखी दोन वेळा आला असता तर दक्षिण मुंबईत मोकळी जागा उरली नसती. येथे येणाऱ्या बऱ्याच लोकांना उन्हाळ्यात बुद्धमूर्तींबद्दल एकाएकी आस्था उत्पन्न होते, तिचे कारण गारवा हे असावे.

खरी दिवसपाळी मात्र कॉजवेच्या पदपथावर चालते. एका बाजूला काचेची दुकाने, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडे पाठ करून उभे केलेले ठेले, आणि मधल्या वाटेने एकामागून एक सरकणारे गिऱ्हाईक, अशी येथील रचना आहे. ठेल्यांवर चांदीसारखे दिसणारे दागिने, काश्मिरी शाली, चामड्याच्या चपला, लाकडी हत्ती, पितळी होकायंत्रे आणि दुर्बिणी असतात. या पितळी वस्तूंना ‘अँटिक’ म्हणतात. अँटिक म्हणजे जी वस्तू जुनी आहे असे विकणारा सांगतो आणि जुनी नाही हे घेणारा जाणतो, तरीही दोघे एकमेकांचा मान राखतात ती वस्तू. याच पदपथावर माणसाहून उंच, लांबुळके फुगे विकणारे हिंडतात. त्यांच्या हातातला फुगलेला नमुना पाहून परदेशी प्रवासी पाकीट घेतो आणि खोलीवर जाऊन जेव्हा तो फुगवू लागतो, तेव्हा नमुन्याला लागलेली छाती आणि आपली छाती यांतील फरक त्याला उमगतो.

येथील भावव्यवहाराचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. कॉजवेवरचा विक्रेता शाळेत किती शिकला हे सांगता येत नाही, परंतु तो हिंदी, इंग्रजी, अरबी, रशियन आणि हिब्रू अशा भाषांत आकडे मोजतो. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक भाषेत आकडा वेगळा असतो. मराठी गिऱ्हाईकाने येथे हिंदीत भाव विचारण्याची, आणि विक्रेता मराठी असल्यास त्यानेही हिंदीतच उत्तर देण्याची पद्धत आहे, कारण दोघांनाही आपण मराठीत बोललो तर समोरचा सूट मागेल किंवा सूट नाकारेल अशी धास्ती असते. व्यवहाराची पहिली पायरी म्हणजे ‘फिक्स रेट’. हा शब्द नवख्याला निर्णायक वाटतो. वस्तुतः तो वाटाघाटींचा मंगलाचरणाचा श्लोक असून, तो उच्चारल्यावरच घासाघीस सुरू करता येते. दुसरी पायरी ‘बोहनी’, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, जी शुभ मानली जात असल्याने ती मोडू नये म्हणून विक्रेता भाव उतरवतो. काही ठेल्यांवर बोहनी संध्याकाळी सहा वाजताही व्हायची असते. तिसरी पायरी गिऱ्हाईकाने पाठ फिरवून चालू लागणे ही होय. त्याने नेमकी किती पावले चालावीत याचा अंदाज अनुभवानेच येतो, कारण कमी चालल्यास भाव उतरत नाही आणि जास्त चालल्यास पुढचा ठेला लागतो, जेथे हीच चप्पल मुळातच स्वस्त सांगितली जाते आणि मागे वळायची लाज वाटते.

पावसाळ्यात या पदपथावर आखाती देशांतील कुटुंबे दिसू लागतात. मुंबईशी त्यांचा संबंध जुना असून १९६० च्या दशकापर्यंत आखातातील कित्येक राज्यांत भारतीय रुपयाच चलन म्हणून वापरला जाई. आता ती येतात ती उपचारांसाठी, अत्तरांसाठी आणि पाऊस पाहण्यासाठी. हे शेवटचे कारण मुंबईकराच्या पचनी पडत नाही. जो पाऊस चुकवण्यासाठी त्याने छत्री, रेनकोट, प्लास्टिकची पिशवी आणि रजेचा अर्ज अशी चतुरंग सेना उभी केलेली असते, तोच पाऊस पाहायला कोणी विमानाचे तिकीट काढून यावे आणि समुद्राच्या कठड्यावर मुलाबाळांसह हसत भिजावे, हे दृश्य पाहून त्याला प्रथम आश्चर्य वाटते, मग हेवा वाटतो आणि मग तो सुटीत भिजण्यासाठी लोणावळ्याला जातो, जेथे वाहनांच्या रांगेत तो गाडीच्या काचेआडून पाऊस पाहतो.

पाश्चात्त्य पाठपिशवीवाल्या प्रवाशांचा प्रकार आणखी वेगळा. स्वतःचा शोध घेण्यासाठी भारतात आलेला असा तरुण कॉजवेवर भटकत असता त्याच्याजवळ एक गृहस्थ येतो आणि सिनेमात काम करणार का, असे विचारतो. हा हिंदी चित्रपटांना परदेशी चेहरे पुरवणारा मध्यस्थ होय. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला बसने स्टुडिओत नेतात, कोट घालतात आणि लग्नाच्या मेजवानीत मागे उभे करतात किंवा ब्रिटिश अंमलदार करून क्रांतिकारकांकडून मार खायला लावतात. तो पोर्तुगालचा आहे की फिनलंडचा हे कोणी विचारत नाही; इंग्रजांनी दीडशे वर्षे केलेल्या राज्याची भरपाई अशा रीतीने उर्वरित युरोप अजून करत आहे.

रात्री नऊनंतर पाळी बदलू लागते. ठेल्यांवर ताडपत्र्या चढतात, दोऱ्या आवळल्या जातात आणि दिवसभर ज्या जागेसाठी इंच इंच भांडण चालते ती जागा मोकळी होते. रात्रपाळीचा आधार हा मद्य आहे आणि मद्याचा आधार कायदा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा अधिनियम केला आणि महाराष्ट्राने तो थोड्याफार बदलांनी आजवर सांभाळला. म्हणजे तत्त्वतः हे राज्य दारूबंदीचे असून, ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच काय ती सवलत आहे. ज्या खोलीत असे परवानाधारक बसतात तिला ‘परमिट रूम’ म्हणतात. एका दिवसाच्या परवान्याची किंमत वर्षानुवर्षे पाच रुपये राहिली, आणि त्याच्या जुन्या नमुन्यात हे मद्य प्रकृतीच्या रक्षणासाठी व स्वास्थ्य टिकवण्यासाठी घेतले जात असल्याचे म्हटलेले असे. शनिवारी रात्री कुलाब्यात स्वास्थ्याची ही चळवळ इतकी जोर धरते की आरोग्य खात्याला इतर कोणत्याही मोहिमेत तसा प्रतिसाद मिळत नाही. याच कायद्याप्रमाणे बिअरसाठी वय २१ आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी २५ पूर्ण लागते. पुरुषाला लग्न मात्र २१ व्या वर्षी करता येते. मधली चार वर्षे नवरामुलाने संसार बिअरवर निभावून न्यावा, अशी कायदा करणाऱ्यांची अपेक्षा दिसते.

रात्रपाळीच्या संस्था सर्व थरांच्या आहेत. ताजमधील हार्बर बार हा शहरातील पहिला परवानाधारक बार असल्याचे सांगितले जाते, आणि त्याच्या मागच्या गल्लीतील गोकुळ या परमिट रूममध्ये खलाशी, वकील, महाविद्यालयीन मुले आणि जाहिरात कंपन्यांतील अधिकारी एकाच मसाला पापडावर एकत्र येतात. कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत. त्यांतील गोलमटोल माणसे कित्येक वर्षे अखंड पीत बसली असून त्यांना कोणी ‘लास्ट ऑर्डर’ विचारलेली नाही. लास्ट ऑर्डर म्हणजे वेटरने दिव्यांची उघडझाप करून दिलेली ती सूचना, जी मिळाल्यावर प्रत्येक मेजावरची माणसे रात्रभरात मागवले नसेल इतके एकदम मागवतात. आर्थर बंदर रोडवरील व्हूडू या पबमध्ये एकेकाळी शनिवारची रात्र समलिंगी स्त्री-पुरुषांची असे. कायदा त्यांना गुन्हेगार समजत होता त्या काळात त्यांना नाचायला जागा होती ती याच गल्लीत, हे नमूद करावे लागेल. आणि लिओपोल्ड. १८७१ पासूनचे हे इराणी उपाहारगृह प्रथम पुस्तकांतून आणि प्रवाशांच्या तोंडून जगभर गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात येथे माणसे मारली गेली, काही दिवसांतच ते पुन्हा उघडले, आणि भिंतीतील गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजवल्या नाहीत. त्या खुणांखालच्या मेजावर बसून लोक आज चिली चिकन मागवतात. यात कोणाला उणेपणा वाटेल. पण त्या भिंतीला खाणाऱ्यांच्या गोंगाटाची जितकी गरज आहे तितकी मौनाची नसावी.

कुलाब्याच्या रात्रीचा मानबिंदू मात्र यांपैकी कोणताही बार नसून मोटारीचे बॉनेट आहे. ताजच्या मागे टुलोक रोडवर १९४६ च्या सुमारास सुरू झालेल्या बडेमियांच्या शेगडीभोवती रात्री अशी गर्दी लोटते की बसायला जागा मिळणे अशक्य असते, आणि म्हणून गिऱ्हाईक आपली गाडी रस्त्यालगत लावून तिच्या बॉनेटवर शीख कबाब, बैदा रोटी आणि रुमाली रोटी मांडून उभ्याने जेवते. बॉनेटची उंची माणसाच्या कोपराला बरोबर येते, इंजिनाच्या उबेने रोटी गरम राहते आणि हिरवी चटणी सांडलीच तर ती उताराने आपोआप नंबरप्लेटकडे जाते. ज्यांना स्वतःची गाडी नसते ते दुसऱ्याच्या गाडीवर जेवतात. या प्रथेत गाडीच्या मालकाची परवानगी घेतली जात नाही. फक्त गाडी कोणत्या किमतीची आहे याचा आदर म्हणून खाली कागद घालायचा की नाही ते ठरवले जाते. मध्यरात्री सिनेमा पाहून परतणाऱ्या एखाद्या गृहस्थाला आपल्या गाडीवर सहा जणांची पंगत बसलेली आढळते, आणि त्याने रागवावे तर पंगतीतला ज्येष्ठ त्यालाच ‘आइये ना, साहब’ असे म्हणून एक कबाब पुढे करतो. असे आग्रहाचे आमंत्रण नाकारणे शिष्टाचारात बसत नसल्याने तो सातवा होतो.

रात्रीच्या याच वेळी ताजसमोरच्या कठड्यावर तिसऱ्या वर्गाचे रात्रजीवन चालते. सायकलला किटली बांधून फिरणाऱ्या चहावाल्याकडून कटिंग, म्हणजे अर्धा पेला चहा, घ्यायचा आणि समुद्राकडे पाठ करून ताजकडे पाहत बसायचे, असे त्याचे स्वरूप आहे. १९०३ मध्ये उघडलेल्या या हॉटेलातील पाहुणे समुद्राकडच्या खोलीसाठी भरमसाट पैसे मोजतात आणि त्यांना समोर काळोख, नांगरलेल्या होड्या व कठड्यावरची माणसे दिसतात. कठड्यावरच्या माणसांना मात्र दिव्यांनी उजळलेला ताज दिसतो. दोघांपैकी कोणाचा पाहण्याचा सौदा फायद्याचा झाला, हे चहाच्या किमतीवरून ठरवता येईल.

मुंबईची रात्र कायद्याने वाढवण्याचा एक प्रयत्न झाला होता. जानेवारी २०२० च्या अखेरीस शहरातील काही अनिवासी भागांत दुकाने आणि खाद्यगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा देण्यात आली. मद्यालयांना मात्र दीडची मर्यादा कायम राहिली. शहराने रात्रभर जागावे, पण कशामुळे जागावे हे सांगू नये, असा तो आदेश होता. दोन महिन्यांच्या आत महामारीची टाळेबंदी आली आणि जे चोवीस तास उघडे राहायचे होते ते चोवीस तास बंद झाले. तसेही रात्रीची खरी वेळ सरकार ठरवत नाही. ती ठरवते शेवटची लोकल. कुलाब्यात कोणाची रात्र किती रंगली आहे हे त्याच्या हातातील पेल्यावरून कळत नसून तो घड्याळाकडे किती वेळा पाहतो यावरून कळते, आणि कल्याण-डोंबिवलीच्या माणसाची मौज पश्चिम उपनगरातील माणसाच्या मौजेपेक्षा काही मिनिटे आधी संपते. ज्याची लोकल हुकते, त्याच्यापुढे पहिल्या लोकलपर्यंतचे काही तास उरतात. कुलाब्याची तिसरी पाळी ती हीच.

पहाटेच्या अंधारात कॉजवेवरून दक्षिणेकडे चालत गेल्यास संगीत थांबते आणि वास सुरू होतो. ससून डॉक ही अल्बर्ट ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने १८७५ मध्ये कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली गोदी. कापूस गेला आणि मासळी आली. रात्रजीवन जगणाऱ्या माणसाला आपण फार उशिरापर्यंत जागे राहिलो असा एक अभिमान असतो. तो येथे टिकत नाही, कारण येथील बायका फार लवकर उठलेल्या असतात आणि त्यांच्या तुलनेत हा इसम नुसताच झोपेच्या वेळी भटकणारा ठरतो. ट्रॉलर धक्क्याला लागतात, बर्फ फुटतो, टोपल्या खालून वर फेकल्या आणि झेलल्या जातात, कोळंबी सोलणाऱ्या बायका ओळीने बसतात आणि पाच वाजताच्या सुमारास लिलाव भरात येतो. लिलाव म्हणजे बोली चढवत जाण्याची पद्धत, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. येथे तीत आवाज चढवत जाण्याचाही समावेश होतो. बोली कोणी लावली, कोणी सोडली आणि ढीग कोणाच्या पाटीत गेला हे बाहेरच्या माणसाला कळण्याआधीच पुढचा ढीग विकला गेलेला असतो. मधोमध उभ्या राहिलेल्या परक्याला ‘बाजूला हो’ हे इतक्या आवाजांत सांगितले जाते की कोणत्या बाजूला हे कळत नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असल्याने ही पाळी थंडावते. आखाती पाहुणे पाऊस पाहायला येतात ते नेमके तेव्हाच, त्यामुळे कॉजवेच्या एका टोकाला वर्षातील सर्वांत मोठी गर्दी असते तेव्हा दुसऱ्या टोकाला जाळी विणली जात असतात.

अशा पहाटे पबमधून आलेल्या एखाद्या डोंबिवलीकर तरुणाच्या लक्षात येते की, आपण आता घरी पोहोचू तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतील आणि रात्रभर कोठे होतास या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही. उत्तर त्याच्या समोरच बर्फात पडलेले असते. तो दोन पापलेटे मागतो. कॉजवेवर शिकलेल्या तिन्ही पायऱ्या तो येथे वापरून पाहतो. पण येथे फिक्स रेट खरोखरीच फिक्स असतो, बोहनी केव्हाच झालेली असते आणि त्याने पाठ फिरवून चालायला सुरुवात केल्यावर त्याला कोणीही परत बोलावत नाही, म्हणून तो स्वतःच परत येतो. कोळीण भाव सांगते तो तो देतो. पहाटेच्या लोकलमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या राहतात. घरी दार उघडणारी आई पिशवीकडे पाहते, आणि पहाटे उठून मासळी आणायला गेलो होतो हे त्याने सांगण्याच्या आतच मासा हातात घेऊन, कल्ला वर करून, विचारते, ‘कितीला घेतलास?’ तो आकडा सांगतो. त्यानंतर दुपारपर्यंत घरात जी बोलणी चालतात त्यांत रात्रीचा विषय एकदाही निघत नाही.